वयाची सवलत नाही, काका!

आज बाबांना घेऊन घरपट्टीतल्या सवलतीच्या कामाला गेले होते. बाबांचं वय ७८. कागदांत आधार कार्ड सगळ्यात वर, जन्मतारखेवर बोट! खिडकीतल्या ताई हसल्या, "काका, ही सवलत वयाची नाही. स्वतःच्या घरात राहता, त्याची आहे."

पुण्यातली ती ४० टक्क्यांची सूट. १९७० पासूनची, मध्ये काढून घेतलेली, २०२३ मध्ये परत आली. त्यासाठीचा पीटी-३ अर्ज, सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र. पत्राच्या घडीवर सेक्रेटरींची सही अर्धी पुसलेली, पण चाललं.

रिक्षात बाबा म्हणाले, "घर घेतलं तेव्हा पगार होता गं. आता पेन्शनीतून भरायचं. वयाचंही काहीतरी हवं की!" खरंच आहे. अर्जाची पोच मात्र घरापर्यंत हातातून सोडली नाही.