तोच ‘ऱ्या’, तरी लेबल सापडेना

मॅन्युअलची पानं बनवणाऱ्या स्फिंक्स या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोसेक्शनलेबल ही सोय चालू केल्याचं मागच्या वेळी सांगितलं होतं. शीर्षक हेच लेबल, म्हणजे दुव्यासाठीची खूण, वेगळं काही लिहायला नको, म्हणून खुशीत होतो. रविवारी मामांच्या विणकामाच्या मागांसाठी केलेल्या जॅकार्ड-ग्राफ, म्हणजे नक्षीचा आलेख काढणाऱ्या, प्रोग्रामचं मॅन्युअल बिल्ड करायला घेतलं आणि ‘दुसऱ्या रंगाची मांडणी’ या एकाच शीर्षकात दुपार गेली.

स्फिंक्सचं एकच पालुपद: ‘अनडिफाइन्ड लेबल’, म्हणजे असं लेबलच नाही. शीर्षक समोर, त्याकडे नेणारा आतला दुवा, म्हणजे रेफ, समोर. स्पेस तपासल्या, फाइलचं नाव तपासलं, बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा चालवलं. शेजारी बसलेले मामा म्हणाले, ‘‘अरे, दोन्ही एकच हाय की!’’ दिसायला एकच. शेवटी पायथनच्या युनिकोडडेटा या मॉड्यूलने एकेका अक्षराचं नाव छापलं. शीर्षकात ऱ, म्हणजे युनिकोड क्रमांक यू+0931. रेफमध्ये मात्र साधा र, हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडायला सांगणारं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह! शीर्षक मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलेलं, रेफचा परिच्छेद मामेबहिणीने फोनवरून पाठवलेला.

एनएफसी, म्हणजे अक्षरं एकाच ठरावीक रूपात आणायची युनिकोडची पद्धत, लावून बघितलं. ते र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. झेडडब्ल्यूजे सरसकट उडवावा, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून फक्त ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ ही तिकडी सापडली की तिथे ‘ऱ, हलन्त’ ठेवायचं, एवढीच छोटी स्क्रिप्ट लिहिली. अकरा इशारे होते, शून्यावर आले. इशाऱ्यालाही चूक धरणारा ‘-डब्ल्यू’ पर्याय लावूनही बिल्ड पास! तो बिल्ड मी दोनदा चालवून बघितला.

स्फिंक्सच्या लिंकचेकच्या भरवशावर कुणी राहू नका. ते बाहेरचे दुवे बघतं. आतल्या रेफसाठी ‘-डब्ल्यू’च हवं.

हे लिहिताना मात्र बेत बदलला. स्फिंक्सच्या पोटातलं डॉक्युटिल्स अँकर, म्हणजे पानातल्या जागेचा पत्ता, बनवताना देवनागरी गाळून टाकतं, म्हणून आपली पानं ‘आयडी7’सारख्या अँकरवर चालतात. मध्ये एक विभाग घातला की पुढचे आकडे सरकतात. मामांनी कारागिरांना व्हॉट्सॲपवर दिलेले दुवे भलत्याच जागी उघडत होते ते यामुळेच. तेव्हा ऑटोसेक्शनलेबल बंद. प्रत्येक शीर्षकावर रोमन अक्षरांतलं स्वतःचं लेबल देणार. रेफ शीर्षक आपोआप उचलतो, उद्या ते बदललं तरी दुवा टिकतो. स्क्रिप्ट तरीही ठेवतोय, कारण फोनवरून मजकूर येतच राहणार आणि ‘दोऱ्या’ शोधलं की सगळ्या दोऱ्या सापडायला हव्यात.

आता विणकामाच्या शब्दांची सूची. सूचीतल्या शब्दाकडे नेणाऱ्या ‘टर्म’ दुव्याला ‘धोट्याला’ कळत नाही, त्याला मूळ रूपच लागतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘धोट्याला <धोटा>’ असं हाताने लिहितोय. वेळ लागतो, पण विभक्ती तोडून मराठी लिहायची माझी तयारी नाही. काल रात्री धोटा आणि कांडी झाले, आज फणी घेतोय.