डाव्या पायाची डाय

आमच्या छपाईच्या दुकानात भिंतीवर एक डाय, म्हणजे छापलेलं कार्ड हव्या त्या आकारात कापायचा साचा, टांगलेली आहे. एकही जॉब तिच्यावर निघालेला नाही, तरी मी ती मोडीत घालू दिलेली नाही. तिच्यावर कोल्हापुरी चपलेचे बारा आकार आहेत आणि बाराही चुकीच्या पायाचे.

दिवाळीआधी चप्पल लाइनमधले एक दुकानदार आले होते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यांना प्रत्येक जोडाला नीट टॅग लावायचा होता. "ताई, चौकोनी कार्ड नको. लांबनं बघितलं तरी चप्पलच दिसली पाहिजे," म्हणाले. पाच हजार टॅग, ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगलं जाड आर्ट कार्ड, एका बाजूला रंगीत छपाई, मागची बाजू किंमत लिहायला कोरी. उजव्या पायाची चप्पल, अंगठ्यासकट, दोन्ही बाजूंना कान.

कॉम्प्युटरवर मी हौसेनं रेघ काढली. अगदी कानाच्या बुडाशी टोकदार कोपरे ठेवले, कारण खऱ्या चपलेला तसेच असतात. फाइल उद्यमनगरातल्या डायवाल्या मामांना पाठवली. तासाभरात त्यांचा फोन आला.

"पोरी, पट्टी स्टीलची आहे, दोरा नव्हे. ह्या कोपऱ्यात दोन तुकडे जोडाय लागतील. सांध्यात कागद तटणार. आणि तिथनंच फाटणार."

त्यांचं म्हणणं खरं होतं. डाय म्हणजे १८ मिलिमीटरचा प्लाय. त्यात लेझरनं बारीक फट पाडायची आणि फटीत २३.८ मिलिमीटर उंचीचं, जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीचं ब्लेड ठोकून बसवायचं. वर राहते ती सहा मिलिमीटरला जरा कमी धार. हे ब्लेड वाकवायचं काम मामा हाताच्या मशीनवर करतात. गोलाईत एकच पट्टी सलग फिरते, टोकदार कोपऱ्यात ती तोडून जोडावी लागते. शिवाय टॅग दोऱ्याला लोंबणार, कोणी ओढला तर फाटणं सुरू होतं ते अशाच आतल्या कोपऱ्यातून. मी कान गोल केले. चित्र जरा कमी खरं झालं, टॅग मात्र टिकाऊ झाला. आकार स्क्रीनवर ठरवायचा नसतो, तो वाकवणाऱ्या माणसाला विचारून ठरवायचा, हे मी त्या दिवशी मनापासून मान्य केलं.

कानांबद्दल आम्ही अर्धा तास बोललो. फाइल छापील बाजूनं बघायची की मागच्या, हे मात्र मी सांगितलंच नाही. चूक माझी.

डाय आली, चेसमध्ये, म्हणजे मशीनच्या लोखंडी चौकटीत आवळली, पहिली शीट लावली. छापलेली उजवी चप्पल आणि कापलेली डावी! अंगठा एकीकडे, छपाई दुसरीकडे. डाय रबरी शिक्क्यासारखी असते. कागदावर उजवी चप्पल हवी तर डायकडे बघताना ती डावी दिसायला हवी.

बाबा म्हणाले, शीट उलटी घालून बघ. घातली. मागच्या बाजूनं कापल्यावर आकार बरोबर जुळला. पण बोट फिरवलं आणि गप्प झाले. ब्लेड जिकडून शिरतं तिकडची कड खाली दबून गुळगुळीत होते आणि बाहेर पडतं तिकडे बारीक खरखर वर येते. ती आता रंगाच्या बाजूला आली होती. चपलेची कड हातानं चाचपून कारागिराचा हात ओळखणारं गिऱ्हाईक आपलं. त्याच्या हातात असला टॅग द्यायचा नाही, असं मी ठरवलं. दुसरी डाय माझ्या खर्चानं करून घेतली.

दुसऱ्या डायला बाबांनी सकाळ घातली. पहिल्या दाबात सगळीकडे सारखं कापलं जात नाही, कुठे ब्लेडचा नुसता वळ उठतो. दाब वाढवला तर जिथे कापत होतं तिथली धार बोथट होते. म्हणून डायच्या मागच्या शीटवर बरोबर त्याच जागी पतंगाच्या कागदाची पट्टी चिकटवायची, पुन्हा दाब घ्यायचा, पुन्हा बघायचं. बाबा कापलेली शीट खिडकीसमोर धरतात आणि कुठे उजेड येत नाही ते शोधतात. घाई करणाऱ्याला हे काम जमत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ब्लेडच्या धारेला दोन-तीन ठिकाणी केसभर खाचा पाडल्या. तेवढ्याच जागी कागद तुटत नाही, त्यामुळे बाराही चपला शीटला धरून बाहेर येतात आणि मग थप्पी करून रद्दी हातानं झाडता येते. खाच मी टाचेकडे घेतली, कारण तुटल्यावर तिथे छोटं कुसळ उरतं आणि लोकांची नजर आधी अंगठ्याकडे जाते.

संध्याकाळी दुकानदारांनी एक टॅग उचलला, अंगठ्यानं कड चाचपली, कान वाकवून बघितला आणि खिशात ठेवला. बाकीचे मोजले नाहीत.

आता डायची फाइल पाठवताना मी कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिते: छापील बाजूनं. मामाही प्लायवर रंगानं तेच लिहून पाठवतात.