घरच्या शाळेतले कागद आणि पुठ्ठे

कागदाच्या घड्या शिकवायच्या तर मुलांच्या समोर बसू नये, शेजारी बसावं. समोर बसलं की आपली डावी बाजू त्यांना उजवीकडे दिसते आणि सहा वर्षांचं पोर तिथेच गोंधळतं. मुलीला घरीच शिकवायचं आम्ही ठरवलं, मागोमाग धाकटाही घरीच राहिला, तेव्हापासून आठवड्यातल्या दोन सकाळी कागद-पुठ्ठ्याच्या असतात. शेजारची दोन मुलंही सुट्टीच्या दिवशी येऊन बसतात.

सुरुवात साध्या होडीने केली, पण मोठ्या कागदावर. लहान हातांना लहान कागद दिला की चिडचिड होते. जुन्या कॅलेंडरची पानं उत्तम: जाड, मोठी, आणि एका बाजूला कोरी, म्हणजे कुठली बाजू वर आहे ते लगेच कळतं. घडी हवेत घालायची नाही, टेबलावर घालायची. आधी टोकाला टोक जुळवायचं, एका बोटाने ते दाबून धरायचं आणि मगच मधून बाहेरच्या बाजूला नख फिरवायचं. धाकट्याला एवढंच जमायला बरेच दिवस लागले आणि मी ते लागू दिले. टोक जुळायच्या आत घडी दाबली की पुढची प्रत्येक घडी तिरकी जाते. हे मी सांगून पटलं नसतं, त्याच्या वाकड्या शिडाच्या होडीने पटवलं.

मुलगी नऊ वर्षांची. तिला आकृत्या वाचायला शिकवल्या. आत जाणारी घडी म्हणजे दरी, वर येणारी म्हणजे डोंगर; तुटक रेषा आणि बाण. अकिरा योशिझावा या जपानी कलाकाराने ही खुणांची पद्धत रुजवली. ती एकदा कळली की भाषा येत नसली तरी जपानी पुस्तक बघून घड्या घालता येतात. मुलीला याचं फार अप्रूप वाटलं.

गणित मी मुद्दाम आणलं नाही, ते आलंच. पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी कागद घेतला, वरच्या कडेचा मध्य काढला आणि खालचा उजवा कोपरा उचलून त्या मध्यावर ठेवून घडी घातली. मूळची खालची कड आता डाव्या कडेला जिथे छेदते, तिथे पट्टी लावली: वर दहा सेंटिमीटर, खाली पाच. मोजमाप न करता कडेचे बरोब्बर दोनास एक भाग! काझुओ हागा या जपानी जीवशास्त्रज्ञाच्या नावाने ही गोष्ट ओळखली जाते. मुलीने लगेच दुसऱ्या मापाचा कागद आणून ताडून पाहिलं, आणि अपूर्णांक या शब्दाची तिची भीती त्या दिवशी बरीच ओसरली असं मला वाटतं.

पुठ्ठ्याची गोष्ट वेगळी. पार्सलच्या खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यात आत नळ्या असतात. नळ्यांच्या दिशेने तो सहज वाकतो, आडवा वाकवला की चुरगळतो. त्यामुळे कापण्याआधी मुलं पुठ्ठा उजेडाकडे धरून नळ्या कुठे जातात ते बघतात. वाकवायच्या जागी संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून दाबून रेघ ओढायची, म्हणजे कोपरा स्वच्छ येतो. कटर मात्र माझ्याच हातात. मुलं कात्री चालवतात, आणि चिकटवलेलं वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावतात.

दिवाळीला आकाशकंदील करायचं ठरलं. बाजारात तयार मिळतात, पण मला मुलांना त्याचा सांगाडा दाखवायचा होता. पुठ्ठ्याच्या सहा चौकटी केल्या, प्रत्येक बाजू वीस सेंटिमीटर. एकाच थराची चौकट दोन बाजूंनी ताठ आणि दोन बाजूंनी लेचीपेची होते, म्हणून दोन थर नळ्या आडव्या-उभ्या ठेवून चिकटवले. प्रत्येक कोपऱ्याला भोक पाडून चौकटी कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने बांधल्या: चार चौकटी कोपऱ्यांवर उभ्या, एक वर, एक खाली. बारा गाठी. शेवटची गाठ बसली आणि सांगाडा हातात ताठ उभा राहिला. चौकटींच्या मधे आठ त्रिकोण दिसायला लागले, जे आम्ही कापलेच नव्हते. धाकटा बोट लावून लावून मोजत राहिला.

पतंगी कागद चिकटवताना खळ कागदाला नाही, चौकटीला लावायची, नाहीतर कागद ओला होऊन फाटतो. उभे चौरस पिवळे, त्रिकोण लाल, वरचा-खालचा चौरस उघडा. झिरमिळ्या धाकट्याने कापल्या. लांबी एकसारखी नाही, मी हात लावला नाही. आत एलईडीचा दिवा, कारण कागद आहे.

कंदील लागल्यावर मुलगी म्हणाली, "आई, चौकटींऐवजी आठ त्रिकोणच बांधले तर?" हिशेब जुळतो, कोपरे तेवढेच, गाठी तेवढ्याच. तिने पुठ्ठ्याचे आठ त्रिकोण बांधले, आणि उभा केल्यावर सांगाडा पिळवटत खाली बसला. पुठ्ठ्याची चौकट अख्खी कापलेली असते, म्हणून तिचे कोन हलत नाहीत. इथे मात्र चौरस म्हणजे नुसती मोकळी जागा, ती तिरकी होते. हे तिने स्वतः ताडलं. आता ती त्या मोकळ्या चौरसांत तिरप्या पट्ट्या बांधते आहे. चार बांधून झाल्या, सांगाडा अजून हलतो.