मोजून घातलेलं तेल

आज उद्यमबागेतल्या गॅरेजात गाडीचा एसी कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, बदलला. बेळगावात एसी कशाला म्हणणाऱ्यांनी एप्रिलात चोर्ला घाट उतरून गोव्यात जाऊन बघावं!

मिस्त्रीमामांनी जुन्या कॉम्प्रेसरातलं तेल मापात ओतलं. काळपट; बोटावर चोळलं तर धातूचा बारीक चुरा चमकत होता. "हे पाइपात राहिलं तर नवापण जातोय बघा," म्हणाले. मग फ्लशिंग केलं, म्हणजे पाइप आतून धुऊन काढले; एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) आणि ड्रायर (आतली ओल शोषणारा डबा) नवे घातले.

तेलाचा हिशोब बघत राहावा असा. आमच्या गाडीत आर-१३४ए गॅस, त्याला पीएजी नावाचं कृत्रिम तेल. हे हवेतली ओल ओढतं, म्हणून डब्याचं बूच लगेच बंद. तेल कमी पडलं तर कॉम्प्रेसर जाम, जास्त झालं तर थंडावा कमी. नव्यात कंपनीनं भरलेलं तेलही मामांनी ओतून मोजलं, मगच बेताचं घातलं. क्लचचा हब, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती, हातानं सावकाश फिरवला, तेल आत पसरावं म्हणून. किती निगुतीनं!

नंतर अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढली, मग गॅस. कॉम्प्रेसर बदलल्यावर कुणी ड्रायर न बदलता, व्हॅक्यूम न काढता गॅस भरायला लागला तर सरळ थांबवा.