भिजलेला चिरा गडद का दिसतो

जूनमध्ये पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली, की गोव्यातल्या कुंपणांच्या चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडांचा, रंग बदलतो. मे महिन्यात फिकट, धुळकट तांबडी दिसणारी भिंत बघता बघता गडद होते आणि उघडीप मिळून सुकली, की पुन्हा फिकी पडते. पाण्याला तर स्वतःचा असा रंग नाही. वस्तू दिसते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायला मला या भिंतीइतके चांगले उदाहरण दुसरे सापडलेले नाही.

डोळ्यांतून काहीतरी बाहेर पडते आणि वस्तूला जाऊन भिडते, असे अनेक विद्वान कित्येक शतके मानत होते. अकराव्या शतकाच्या आरंभी अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम यांनी ही कल्पना खोडून काढली. प्रकाश पडलेल्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून तो सगळीकडे फाकतो आणि त्यातला थोडासा आपल्या डोळ्यांत शिरतो, असे त्यांनी मांडले. यातला ‘सगळीकडे’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेत परावर्तन शिकवताना सपाट आरशाची आकृती काढून आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात असे पाठ करून घेतले जाते. नियम खराच आहे, पण स्वच्छ आरशात आरसा दिसत नाही, समोरच्या वस्तू दिसतात. चिऱ्याच्या खरबरीत पृष्ठभागावर मात्र प्रत्येक कणाचा कल निराळा असल्याने तोच नियम पाळूनही किरण हजार दिशांना जातात, आणि म्हणूनच अंगणात कुठेही उभे राहिले तरी भिंत दिसते. चिऱ्यातली लोहाची ऑक्साइडे निळा-हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेतात, त्यामुळे परतणारा प्रकाश तांबडा असतो.

कोरड्या चिऱ्याच्या छिद्रांत हवा असते. हवा आणि दगड यांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेत, मोठा फरक असल्यामुळे प्रत्येक कणाशी प्रकाश जोरात वळतो आणि लवकर बाहेर पडतो. छिद्रांत पाणी भरले, की हा फरक कमी होतो, प्रकाश फारसा न वळता खोलवर जातो आणि वाटेत अधिक शोषला जातो. शिवाय दगडाकडून परत निघालेल्या प्रकाशाचा जो भाग पाण्याच्या पृष्ठभागावर सुमारे 49 अंशांहून अधिक तिरपा आदळतो, तो पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे पुन्हा दगडाकडेच फेकला जातो. भिजलेला सुती सदरा गडद दिसतो, त्यामागेही बहुतांशी हेच आहे.

हाच प्रकार रात्रीच्या रस्त्यावर जिवावर बेततो. फोंड्याहून बाणस्तारीमार्गे पणजीला येताना पावसात दिवे लावूनही समोरचा डांबरी रस्ता नुसता काळा दिसतो, हे दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले असेल. कोरडे डांबर खरबरीत असल्याने दिव्याचा थोडा प्रकाश तरी आपल्याकडे परत पाठवते. त्यावर पाण्याचा थर साचला, की रस्ता आरशासारखा वागू लागतो. पाण्यावर सरळ खाली पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम 2 टक्के परावर्तित होतो. पण दुचाकीच्या दिव्याचा झोत 30 मीटरवरच्या पाण्याला जवळजवळ आडवा भिडतो, आणि तेव्हा तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रकाश तसाच पुढे निघून जातो. आपल्याकडे काहीच येत नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत मात्र हेच पाणी थेट आपल्या डोळ्यांत आणून सोडते.

रस्त्यावरचे पांढरे पट्टेही याच वेळी हरवतात, आणि ते मला अधिक काळजीचे वाटते. त्यांच्या रंगात बारीक काचमणी मिसळलेले असतात, जे आलेला प्रकाश आल्या दिशेने परत पाठवतात. पाण्याखाली गेलेल्या मण्याला मात्र ते नीट जमत नाही, कारण हवेतल्याइतका प्रकाश पाण्यात वळत नाही आणि मण्याच्या मागच्या बाजूला योग्य जागी एकवटत नाही. रस्त्यावर बसवलेली उंचवट्याची परावर्तक बटणे पाण्याच्या थराच्या वर डोके काढून असतात, म्हणून मुसळधार पावसातही ती चमकतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे पर्सी शॉ यांनी 1930 च्या दशकात अशा साधनाचे पेटंट घेतले होते. आपल्याकडे वर्षातले चार महिने पावसाचे असल्याने शेतांच्या आणि खाजनांच्या (बांध घातलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनींच्या) कडेने जाणाऱ्या, दिवे नसलेल्या वळणांवर तरी ही बटणे आधी बसवली जावीत, असे मला मनापासून वाटते.