आमची वाटचाल : सदतीस प्रीअँप आणि एक खरखर

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या एका गाळ्यात, आम्ही १९९४ पासून जुने प्रीअँप (मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारे, व्हॉल्यूमचा नॉब असलेले यंत्र) सुधारून देण्याचे काम करीत आहोत. सुरुवातीला आम्ही दोघे भागीदार होतो. भागीदाराचा हात इतका स्वच्छ होता की त्याने दिलेला सोल्डरचा टाका कारखान्यातला वाटे. बोर्डावरची तांब्याची पट्टी न उचलता आयसी (सर्किटची चिप) कसा काढावा, हे मी त्याच्याकडूनच शिकलो आणि ते आजही मान्य करतो. पुढे त्याने त्याच रस्त्यावर वेगळे दुकान थाटले. मधली वर्षे काम येत गेले आणि आम्ही करीत गेलो. सांगायचे आहे ते २००९ च्या पावसाळ्याविषयी.

त्या सुमारास आमच्याकडे एकाच सुधारणेला मोठी मागणी होती. सिग्नल वाढवणारा जुना आयसी ४५५८ काढून त्याजागी अधिक चांगला ओपीए२१३४ बसवायचा आणि व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) व आयसी यांच्यामधला, डीसी म्हणजे एकदिश प्रवाह अडवणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून टाकायचा. ओपीए२१३४ च्या इनपुटला फेट (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) असल्यामुळे तिथला प्रवाह पिकोअँपिअरच्या घरात, म्हणजे नगण्य राहतो; म्हणूनच तो कपॅसिटर नसला तरी आयसीमुळे पॉटवर डीसी चढत नाही. तो चढला, तर नॉब फिरवताना खरखर होते.

दादरच्या हिंदू कॉलनीत राहणारे एक निवृत्त प्राध्यापक आमचे पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. आम्ही त्यांना सर म्हणतो. रात्री ख्यालगायनाच्या तबकड्या अगदी हळू आवाजात ऐकण्याचा त्यांचा शिरस्ता आहे. सुधारलेला प्रीअँप नेल्यावर आठवड्याच्या आत ते तो घेऊन परत आले आणि म्हणाले, “अहो, नॉब फिरवला की तानपुऱ्याच्या आधी खरखर ऐकू येते.” मी पॉट बदलला. खरखर कायम. दुसरा, अधिक चांगला पॉट लावला, तरी तीच खरखर. अखेर पॉटच्या मधल्या पायावर मल्टिमीटर लावला, तेव्हा जवळजवळ दोन मिलिव्होल्ट डीसी दिसला. फेट इनपुटच्या आयसीपाशी तो असण्याचे काही कारणच नव्हते.

आयसी टेस्ट बोर्डवर घेऊन त्याला दहा किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग दिला. अस्सल ओपीए२१३४ चे आउटपुट मायक्रोसेकंदाला वीस व्होल्टच्या वेगाने चढते. आमच्या ऑसिलोस्कोपवर मात्र तरंगाच्या कडा तिरक्या झालेल्या होत्या आणि वेग दीड व्होल्टच्या आसपास भरला. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवताच आयसीवरची अक्षरे कापसाला लागून आली. मोजमाप सारे ४५५८ चे होते. म्हणजे आम्ही ४५५८ काढून, अधिक पैसे घेऊन, पुन्हा ४५५८ च बसवीत होतो.

त्या खेपेतले आयसी सदतीस सेटमध्ये गेले होते. व्यापाऱ्याने हात वर केले. पतपेढीचे कर्ज काढून आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला, सेट परत मागवले आणि पदरच्या खर्चाने दुरुस्त केले. सरांनी आपला सेट सर्वांत शेवटी घ्यायला सांगितले आणि तोवर ते रेडिओवर भागवीत राहिले. त्याच महिन्यांत माझा जुना भागीदार मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की आम्ही जाणूनबुजून बनावट माल लावतो. त्याचे कायमचे गिऱ्हाईक असलेल्या एका गृहस्थाचा सेट वर्षभराने माझ्याकडे आला, तेव्हा त्यातही तसाच पुसून छापलेला आयसी निघाला. मी तो बदलला आणि कोणाजवळ बोललो नाही. आज प्रथमच लिहितो आहे, कारण ते शब्द त्याने अजून मागे घेतलेले नाहीत.

घरी हे काम करणाऱ्यांना एवढे अवश्य सांगेन की आयसी थेट सोल्डर करू नका, आयसी बेस (आयसी खोचायची बैठक) लावा. त्याहीआधी पॉवर सप्लायचे वाळलेले इलेक्ट्रोलिटिक बदला, ७८१५ आणि ७९१५ या व्होल्टेज रेग्युलेटरांचे व्होल्टेज मोजा आणि आयसीच्या सप्लायच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर द्या. वेगवान आयसी त्यांच्याविना ऐकू न येणाऱ्या कंपनात जातो आणि उगाच तापतो. पुष्कळ जण एवढ्यानेच समाधानी होतात आणि महाग आयसीची गरजच उरत नाही.

आता आमच्याकडे आलेला प्रत्येक आयसी आधी टेस्ट बोर्डवर चढतो आणि त्याचा वेग व इनपुटवरचा डीसी वहीत लिहिला जातो. त्या वहीतली पहिली नोंद सरांच्या सेटची आहे. तो आयसी बसवला त्या संध्याकाळी सर दुकानातच बसून राहिले होते. मी नॉब शून्यापासून शेवटपर्यंत दोनदा फिरवला आणि स्पीकरमधून काहीही आले नाही.