तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसांचं पत्र आलं की देऊन टाकता का?

मुंजीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "पोलिसांचं पत्र आलं की तुमची कंपनी आमचं सगळं देऊन टाकते का गं?" समोरच्या तिघांनी जेवण थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी काय काम करायचे हे ज्यांना ठाऊक आहे, ते आज ना उद्या हे विचारतातच. पंगतीत नीट उत्तर देता आलं नाही. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री होते अशा एका ॲपच्या पुण्यातल्या ऑफिसात मी सहा वर्षं होते. वकिलीची पदवी होती, म्हणून पोलिसांच्या पत्रांना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या टेबलाला आम्ही आपसात 'चौकी' म्हणायचो. सकाळी मेल उघडली की महाराष्ट्रातून, बिहारमधून, तेलंगणातून पत्रं आलेली असायची. सैन्यात असल्याचं सांगून स्कूटर विकायला काढणारा आणि आगाऊ पैसे घेऊन गायब होणारा, चोरीचा मोबाइल विकायला ठेवणारा, एखाद्या बाईचा नंबर खोट्या जाहिरातीत टाकून तिला छळणारा. पत्रांमागे अशी माणसं असायची, आणि त्यांनी नाडलेली माणसंही.

तर उत्तर असं: हो, देतो. काय मागितलंय, कुणी मागितलंय आणि कुठल्या कागदावर मागितलंय, हे बघून देतो.

बहुतेक पत्रं म्हणजे 'एक्क्याण्णवची नोटीस' असायची. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तीच नोटीस ९४ ची झाली. तपासाला गरजेचा वाटणारा दस्तऐवज हजर करा, असं सांगण्याचा अधिकार हे कलम न्यायालयाला देतं, तसा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही देतं. हे ऐकून लोक चकित होतात. तुमचं नाव आणि नंबर मागायला न्यायाधीशाची सही लागत नाही, पीआय साहेबांची, म्हणजे ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांची पुरते. नव्या कलमात इलेक्ट्रॉनिक संदेशांचा स्पष्ट उल्लेख आला, पण नाव-पत्ता वेगळा आणि माणसाने लिहिलेला मजकूर वेगळा, असा फरक त्यात केलेला नाही.

म्हणून पत्र वाचणारं माणूस महत्त्वाचं ठरतं. मी आधी गुन्हा रजिस्टर नंबर बघायचे, मग कलमं, मग नेमकं कुठलं अकाउंट आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. 'पाटील नावाच्या इसमाची माहिती द्यावी' असं पत्र आलं तर काय करणार? अकाउंटची लिंक किंवा नोंदवलेला मोबाइल नंबर हवा. मेल सरकारी पत्त्यावरून आली आहे का, हेही बघायचं. शंका आली तर पत्रावरचा नंबर लावायचा नाही, ठाण्याचा लँडलाइन आपण शोधून काढायचा आणि खात्री करायची. मार्च २०२२ मध्ये बातमी आली की हॅकरांनी पोलिसांच्या नावाने तातडीच्या खोट्या विनंत्या पाठवल्या होत्या आणि ॲपल, मेटा यांच्यासारख्या कंपन्यांनीही त्यावर विश्वास ठेवून माहिती दिली होती. त्या दिवसापासून आमच्याकडे फोन लावल्याशिवाय एकही तातडीचं पत्र पुढे गेलं नाही.

आयटी कायद्याखालचे २०२१ चे नियम म्हणतात की तपासाचा अधिकार असलेल्या सरकारी यंत्रणेचा आदेश आला की ७२ तासांत माहिती द्यायची. तोच नियम असंही म्हणतो की आदेश लेखी हवा आणि माहिती कशासाठी हवी ते त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. ७२ तास सगळ्यांना पाठ असतात. हेतू लिहायची अट फार थोड्यांना आठवते.

द्यायचं काय, तर बहुतेक वेळा अकाउंटवरचं नाव, मोबाइल, ईमेल, अकाउंट उघडल्याची तारीख आणि कुठल्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटला जोडल्यावर मिळणाऱ्या क्रमांकावरून, कधी लॉगिन झालं त्याची यादी. अकाउंट बंद केलंत तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवावी लागते, हेही २०२१ च्याच नियमांत आहे. रागाच्या भरात अकाउंट उडवून 'आता काही सापडायचं नाही' असं मानणाऱ्यांना हे माहीत नसतं.

या आयपीच्या यादीबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय, कारण निरपराध माणूस अडकतो तो इथे.

आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा पत्ता नव्हे. मोबाइल इंटरनेटवर एकाच वेळी कितीतरी लोक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. त्यांच्यातून एक माणूस वेगळा काढायला पोर्ट नंबर, म्हणजे त्या आयपीमागचं प्रत्येक कनेक्शन वेगळं ओळखणारा आकडा लागतो आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. आमची कंपनी फक्त आयपी आणि वेळ देणार, पोलीस ती घेऊन इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे जाणार, आणि ती कंपनी आपल्या नोंदी बघून नाव सांगणार. या साखळीत एक कडी चुकली की पोलीस वेगळ्याच दारात उभे राहतात.

पुण्यात हे घडलेलं आहे. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल मीडिया साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी मिळवला, त्यावरून नाव-पत्ता मिळवला आणि बंगळुरूहून एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला उचलून आणलं. तो ५० दिवस येरवड्यात होता. नंतर कळलं की आयपीवरून दिलेला तपशीलच चुकीचा होता. त्या मुलाने काहीच केलेलं नव्हतं. मी कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठ ताईंनी मला ही हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, "तू पाठवतेस ती यादी कुणाच्या तरी दारावर जाऊन थांबते, हे विसरू नकोस."

तरी माझ्या हातून एकदा चूक झालीच. आमच्या सर्व्हरवर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे नोंदली जायची. एका लॉगिनची नोंद होती १४ तारीख, रात्री ८ वाजून १० मिनिटं. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाट, १ वाजून ४० मिनिटं. मी घाईत तक्ता पाठवला आणि वेळ कुठली ते लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी लातूरकडच्या एका ठाण्यातून हवालदारांचा फोन आला. "मॅडम, ही वेळ आपली का तिकडची?" माझे हात गार पडले. त्यांनी विचारलं नसतं, तर १४ तारखेला रात्री आठ दहाला तो आयपी ज्याच्याकडे होता, त्याचं नाव निघालं असतं. मी तक्ता दुरुस्त करून पाठवला, वरिष्ठांना लेखी कळवलं, आणि त्यानंतर प्रत्येक ओळीत दोन्ही वेळा लिहायची पद्धत पाडली. त्या हवालदारांचे आभार मी तेव्हाही मानले होते, आत्ताही मानते.

आता चॅटचं. लोकांना खरी भीती असते ती याची. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. कंपनीकडे असते ती नंबर, वेळा, आयपी अशी भोवतालची माहिती. मग दोषारोपपत्रांत पानंच्या पानं चॅट येतात कुठून? बहुतेक वेळा फोनमधून. फोन जप्त होतो, पंचनामा होतो, फॉरेन्सिक लॅबमध्ये जातो. कधी क्लाउडवरच्या बॅकअपमधून येतात, कधी समोरच्यानेच आपला फोन उघडून दाखवलेला असतो. २०२१ च्या नियमांत संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्यायची अट आली, आणि तिच्याविरुद्ध व्हॉट्सॲप त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट सिग्नल या मेसेजिंग ॲपची वाटते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्यांच्याकडे माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखं दोनच होतं: अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. साठवलेलंच नाही ते कुणी मागून मिळत नाही. आमच्या ॲपवर खरेदीदार-विक्रेत्यांचं बोलणं तीन वर्षं पडून राहायचं. ते इतकं कशाला ठेवायचं, हे मी दर बैठकीत विचारायचे आणि दर बैठकीत विषय पुढे ढकलला जायचा.

अमेरिकी कंपन्यांचं गणित आणखी वेगळं आहे. तिथल्या १९८६ च्या कायद्यामुळे त्या आपल्या पोलिसांना नाव, नंबर, आयपी स्वेच्छेने देऊ शकतात, पण ईमेलमधला मजकूर नाही. त्यासाठी भारत-अमेरिका परस्पर साहाय्य कराराची वाट धरावी लागते. करार २००१ मध्ये झाला, २००५ पासून लागू आहे. ठाण्यातून कागद निघतो, गृह मंत्रालयातून अमेरिकेच्या न्याय खात्याकडे जातो, तिथला न्यायाधीश वॉरंट देतो, मग कंपनी, मग तोच प्रवास उलटा. यात महिनोनमहिने जातात. एका आईने मला फोनवर विचारलं होतं, "माझ्या लेकीचे फोटो टाकणाऱ्याला तोवर मोकळं सोडायचं का?" तिची तक्रार आमच्या ॲपबद्दल नव्हती, दुसऱ्याच एका ठिकाणची होती, पण नंबर मिळाला तो माझा. तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. एवढंच सांगितलं, की तपास अधिकाऱ्यांना म्हणा, आजच्या आज माहिती जपून ठेवण्याची विनंती पाठवा. तेवढ्यावर कंपनी ९० दिवस ती पुसत नाही, कागदपत्रं मागून आली तरी चालतात.

जिवाचा प्रश्न असेल तर मात्र कुणी कागदासाठी थांबत नाही, थांबूही नये. एकदा रात्री अकरा वाजता कोकणातल्या एका ठाण्यातून फोन आला. कॉलेजातल्या मुलाने आमच्या ॲपवर गिटार विकली होती, सायकल विकली होती, आणि बहिणीला निरोपाचा मेसेज करून तो घरून निघाला होता. मी ठाण्याच्या लँडलाइनवर उलट फोन करून खात्री केली आणि वीस मिनिटांत शेवटच्या लॉगिनची माहिती दिली. पत्र सकाळी आलं. मुलगा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर सापडला, जिवंत. त्या रात्री मला या कामाचा जितका अभिमान वाटला, तितका पुढे क्वचितच वाटला.

म्हणून माझं पोलिसांशी भांडण नाही. माझं म्हणणं कायद्याशी आहे. फोन टॅप करायचा तर गृह सचिवांचा आदेश लागतो, त्याला मुदत असते, पुनर्विलोकन समिती असते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन घातलं, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नियम न पाळता दिलेले टॅपिंगचे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. साठवलेल्या चॅटला, वर्षानुवर्षांच्या नोंदींना मात्र एका ठाण्याचं एक पत्र पुरतं. ते वाचायला न्यायाधीश नाही, फक्त माझ्यासारखं कंपनीतलं कुणीतरी, ज्याच्यापुढे ७२ तासांचं घड्याळ आहे. मजकूर हवा असेल तर निदान न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागावी, असं मला मनापासून वाटतं. आणि ज्याची माहिती दिली त्याला, तपास बिघडणार नाही अशा वेळी, कळवलं जावं. काही परदेशी कंपन्या मनाई नसेल तर वापरकर्त्याला आधी मेल पाठवतात. आपल्याकडे ९४ च्या नोटिशीत तसं बंधन नाही, आणि २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यानेही गुन्ह्याच्या तपासाला मोठी सूट ठेवली आहे.

कळवण्याचा आग्रह मी का धरते, ते एका पत्रामुळे. एका बाईंच्या अकाउंटचा 'उघडल्यापासूनचा संपूर्ण डेटा व सर्व चॅट' मागितला होता. गुन्हा दाखल नव्हता, फक्त 'अर्ज चौकशीकामी' एवढंच लिहिलेलं. हेतूची ओळ कोरी. मी परत पाठवलं: गुन्हा रजिस्टर नंबर, कालावधी आणि कारण कळवावं. साहेबांचा फोन आला, आवाज चढलेला. बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघालं की अर्ज बाईंच्या नवऱ्याचा आहे आणि घटस्फोटाची केस चालू आहे. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही लेखी कारण पाठवा, मी त्याच दिवशी उत्तर देईन." लेखी काही आलं नाही. ते पत्र आलं होतं हे आमच्या फाइलला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि बहुधा त्या नवऱ्याला. त्या बाईंना कुणी कळवलेलं नाही.